पट्टी ३४, पत्रा ६०

ग्रीसचा अंगठा उमटलेल्या पानावर एवढंच होतं:
आकाराम पोवार, गुऱ्हाळ, वाफा.
पट्टी ३४. पत्रा ६०.
पुढं काही नाही.
लांबी अब्बांच्या डोक्यात होती, रुंदीही तिथंच,
आणि अब्बा सीपीआरमध्ये,
उजवी बाजू गेलेली,
जीभ जड.

उद्यमनगरात शटर वर केलं तर
वेल्डिंगची काच टेबलावर उपडी,
अब्बांनी ठेवली होती तशी.
पोवारांना फोन करता आला असता.
"दस्तगीरला ठावं हाय की सगळं," म्हणाले असते,
जुना वाफा तर त्यांनी दसऱ्यालाच भंगारात घातलेला.
पण खरं सांगते, कारण ते नव्हतं.
शिकलगारांच्या दुकानात आता
माप माहीत असलेलं कुणी नाही,
हे मला माझ्या तोंडानं सांगायचं नव्हतं.

संगजिऱ्याच्या कांडीनं
पत्र्याच्या तुकड्यावर आयत काढला.
एका बाजूला क्ष.
मगदूम बाई म्हणायच्या, जे ठाऊक नाही
त्याला आधी नाव द्या,
हाक मारल्याशिवाय कोण वळून बघतं?
(बीजगणितात मला बेचाळीस पडले होते.
अब्बांनी तेव्हाही पेढे वाटले.)

पट्टी चारी बाजूंनी फिरते,
म्हणजे दोन बाजू मिळून सतरा.
एक क्ष, तर दुसरी सतरा वजा क्ष.
दोघींचा गुणाकार साठ.
कंस सोडवला, सगळं एकीकडं ओढलं:
क्ष वर्ग, वजा सतरा क्ष, अधिक साठ,
बरोबर शून्य.

शेजारच्या फाउंड्रीत रस ओतत होते.
तातोबा चहाचा ग्लास धरून उभा,
"मिस्त्री असलं कधी करत न्हवते पोरी,
टेप टाकायचे, झालं."

वीस त्रिक साठ. बेरीज तेवीस, लांब राहिलं.
पंधरा चोक साठ. एकोणीस.
दहा सक साठ. सोळा, आता पुढं गेलं.
बारा पंचे साठ.
बारा आणि पाच.
क्ष बारा म्हणा नाहीतर पाच म्हणा,
एक धरलं की दुसरं आपसूक समोर येतं.
समीकरणाला लांबी कुठली, रुंदी कुठली
याच्याशी देणंघेणं नाही.

संध्याकाळी अब्बांच्या कानाशी वाकून म्हटलं,
बारा बाय पाच.
डावा हात चादरीतून बाहेर आला.
पाच बोटं.
मिटली. पुन्हा पाच.
मग तीन.
तेरा? बारा ना अब्बा, बारा.
पुन्हा पाच, पाच, तीन,
या खेपेला वैतागून,
सळई तिरकी कापली की वैतागायचे तसं.
अम्मी म्हणाली, राहू दे, दमलेत.

दसरा चौकात सिग्नल लागला.
तेरा धरले तर दुसरी बाजू चार,
तेरा चोक बावन्न,
आठ फूट पत्रा उरतो.
अब्बा पत्रा उरू देणारे नव्हेत.
मग तेरा कसले?
हिरवा कधी झाला कळलं नाही,
मागचे हॉर्न वाजवून शिव्या द्यायला लागले
आणि मला अब्बांचा टेप दिसला,
कडेनं नव्हे,
आयताच्या पोटातून तिरका गेलेला.
गुण्या एकदा हातातून पडला की खोटं बोलतो, म्हणायचे,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप,
तिथं लबाडी चालत नाही.

सकाळी चारी पट्ट्या टाके मारून जोडल्या.
बारा, पाच, बारा, पाच.
गुण्या लावला, सगळं ठीक दिसलं.
तरी तातोबाला म्हटलं, टेपचं टोक
त्या पलीकडच्या कोपऱ्यात धर.
तेराला दोन सूत कमी.
हातोडीचा एक ठोका.
अजून एक, हलका.
तेरा.
मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांतून, तेरा.

तातोबा टेप गुंडाळत म्हणाला,
"मिस्त्रींनी सांगितलं व्हय?"
व्हय, म्हटलं,
आणि काच डोळ्यांवर ओढली.